फिकट हिरवा कागद

ओहायो नदीच्या वळणावर वसलेल्या हॅडली बेंड गावातील हायस्कूलच्या भोजनगृहात आर्डिथ केसलर एकोणीस वर्षे वाढपाचे काम करीत होती. डोक्यावर जाळी, हातात डाव आणि ओठांवर प्रत्येक मुलाचे नाव. कोणाला मटार चालत नाहीत, कोण सकाळचा उपाशी आला आहे, हे तिला ताटे पुढे येण्याच्या रीतीवरून कळे. तिचे वडील काचेच्या कारखान्यात भट्टीवर होते. मुलीच्या शाळेत त्यांनी आयुष्यात एकदाच पाऊल टाकले, तेही टोपी हातात घेऊन. शिक्षकाच्या शब्दावर शब्द काढायचा नाही, हा त्या घरचा अलिखित धर्म. आणि आर्डिथने तो व्रतस्थ निष्ठेने पाळला होता.

तिची मुलगी कोरा नववीत होती. गावचा जुना लोखंडी पूल धोकादायक ठरवून बंद केल्यापासून पलीकडे जायला चाळीस मैलांचा वळसा पडे. त्या वळशातच, मोटारीच्या खिडकीशी बसून, पूल बांधणारी इंजिनिअर होण्याचे कोराने मनाशी पक्के केले. तिच्या वह्यांचे समास कमानींनी भरून गेले होते.

फेब्रुवारीत पुढील वर्षाच्या विषयनिवडीचे फॉर्म आले. दहावीला प्रगत गणित घेतले, तरच अकरावी-बारावीला गणिताच्या वरच्या वर्गांची, आणि पुढे इंजिनिअरिंगची, वाट होती. पहिली पायरी चुकली की जिनाच संपला. फॉर्मवर प्रगत गणिताच्या चौकटीसमोर शिक्षकाच्या सहीसाठी एक रेघ होती. कोराने खूण केली आणि फॉर्म भूमितीचे शिक्षक व्हँडिव्हर यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो हळुवारपणे परत केला.

संध्याकाळी जेवताना कोराने ताट दूर सारले. "सही नाही दिली सरांनी. म्हणाले, गोड मुलगी आहेस, पण भूमितीत बी ग्रेड आहे तुझा. तिथं दमछाक होईल. साध्या वर्गात पहिली राहशील."

"बी कशामुळे आला, ते नाही सांगितलंस?"

"काय सांगू? मॉमच्या पित्ताशयाचं ऑपरेशन होतं म्हणून दोन चाचण्या बुडाल्या? बहाणा वाटला असता." मग खालच्या आवाजात ती म्हणाली, "मॉम, तू बोल ना त्यांच्याशी. रोज तर तुझ्या हातचं जेवतात."

मुलीची बुद्धी आर्डिथला ठाऊक होती. पण वीस वर्षे शिकवणाऱ्या माणसासमोर, डोक्याला जाळी लावून, ‘तुमचे चुकले’ म्हणायचे?

"अगं, त्यांना कळत नसेल का? त्यांचं कामच आहे ते. आणि तिथं जाऊन सी मिळाला म्हणजे? आहे ते पण घालवशील."

"म्हणजे तुलाही वाटतं मला जमणार नाही?"

"मी असं म्हटलं का?"

"वेगळं काय म्हटलंस?"

कोराने खोडरबर घेतला. खूण पुसली गेली, तरी तिचा वण कागदावर राहिला. तिने साध्या गणितावर खूण केली आणि मोकळ्या राहिलेल्या तासाला पाकशास्त्र घातले. "तुझ्याच वाटेनं जाते," असे म्हणून ती हसली. ते हसू आर्डिथला आवडले नाही, पण फॉर्मवर पालकांची सही मात्र तिने सुवाच्य अक्षरात केली.

नवे शालेय वर्ष सुरू झाल्यावर, सप्टेंबरात, पालक-स्वयंसेवकांचे भोजन होते. बटाट्याचा लगदा वाढीत असता दंतवैद्याच्या पत्नी मिसेस लॅथ्रप शेजारणीला सांगत असलेले आर्डिथच्या कानावर आले.

"आमच्या प्रेस्टनला तर भूमितीत सी होता! व्हँडिव्हर सही देईनात. मग मी ऑफिसातून तो हिरवा कागद मागून घेतला. आपणच सही करायची, ‘आमच्या जबाबदारीवर’ म्हणून. झालं काम! मोठ्याच्या वेळीही हेच केलं होतं."

"मलाही पहिल्या वर्षी कुणीतरी सांगितलं म्हणून कळलं," शेजारीण म्हणाली.

डाव भांड्यात ठेवून आर्डिथ तशीच ऑफिसात गेली. तिथल्या कारकून बेव्हने ड्रॉवर उघडून फिकट हिरव्या कागदांचा गठ्ठा दाखवला.

"हा? केव्हापासूनचा आहे."

"आम्हाला कुणी सांगितलं नाही, बेव्ह."

"मागितल्याशिवाय आम्ही देत नाही बाई. सगळेच मागायला लागले तर वर्ग पुरायचे कसे? आणि तू तर इथलीच. एकोणीस वर्षं झाली, मला वाटलं तुला माहीत असेल."

"आता भरला तर?"

"मुदत मार्चातच संपली. वर्ग भरलेत."

एक कागद तिने मागून घेतला आणि घरी कोरापुढे ठेवला. का ठेवला, हे तिचे तिलाही सांगता आले नसते. लपवणे अधिक पापाचे वाटले, इतकेच. कोराने तो दोन्ही बाजूंनी पाहिला. मागची बाजू कोरी होती.

"एवढंच? फक्त तुझी सही?"

"मला माहीत नव्हतं गं."

"माहीत नव्हतं ते ठीक आहे, मॉम." कोराने कागदाची घडी घातली, पुन्हा घातली. "पण तू विचारायलासुद्धा गेली नाहीस. ऑफिस तुझ्या स्वयंपाकघरापासून तीस पावलांवर आहे."

दुसऱ्या दिवशी कोरा जेवणाच्या रांगेत आली नाही. घरून पाव आणि सफरचंद घेऊन ती बाहेर पायऱ्यांवर बसली होती. रांगेत व्हँडिव्हर आले. पहाटेपासून आर्डिथने एक वाक्य मनात घोळवून तयार ठेवले होते. ताट पुढे करीत ते प्रसन्नपणे म्हणाले, "आर्डिथ, तुमची कोरा साध्या वर्गात सगळ्यांच्या पुढे आहे बरं का! शिक्षक परवाच सांगत होते. मी म्हटलंच होतं ना?"

त्यांच्या मुद्रेवर कपटाचा लवलेशही नव्हता. रांग थांबली होती. आर्डिथचे ओठ उघडले.

"थँक्यू, सर," ती म्हणाली, आणि त्यांना आवडतात म्हणून बटाट्यांचा आणखी एक डाव वाढला.