सासऱ्यांचे हात

लग्न होऊन मी तापीकाठच्या त्या गावी आले, तेव्हा कापसावर किडीची पांढरी पावडर मारायला लोकांनी नुकतीच सुरुवात केली होती. साठ सालानंतरची गोष्ट. पंप कुणाकडेच नव्हता. माझे सासरे जुन्या धोतराच्या तुकड्यात पावडर बांधत आणि ती पोटली झटकत ओळीओळीने चालत. भुवयांपर्यंत पांढरे होऊन घरी येत आणि दोन-तीन वर्षांनी माझी लेक वर्षाची झाली, तेव्हा आल्या आल्या तिला उचलून घेत. दोघांचा एकमेकांवर फार जीव.

पुढे त्यांच्या हातांवर लाल पुरळ उठलं. जेवतानाही ते मनगट खाजवायचे. आमच्या यांनी तळोद्याच्या डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, "मलम देतो. पण पावडर कातडीतूनही अंगात जाते. वाऱ्याकडे पाठ करून मारा, विहिरीवरच अंघोळ करा, कपडे वेगळे धुवा."

सासरे हसले. "पावडर किडासले मारस, मानुसले काय करस?"

मी सून. सासऱ्यांशी समोरासमोर बोलायची रीत नव्हती. मग मी दाराआडून लेकीच्या नावानं तिच्या आजोबांना ऐकवू लागले, "सांग बाबाले, पहिले आंग धोई या, मंग माले उचला." सासूबाई पदरात तोंड लपवून हसायच्या. सासरे लेकीलाच उत्तर द्यायचे, "तुन्ही मायले सांग, मी काय चिखलात लोळी येल शे का?" आणि तिला छातीशी धरायचे.

आठवड्यानं लेकीच्या गालावर तसंच पुरळ आलं. ती त्यांच्या दंडावर गाल टेकून झोपायची, त्याच बाजूला. सासऱ्यांनी तिचा चेहरा उजेडाकडे वळवून पाहिला आणि हळूच तिला सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून विहिरीजवळच्या बाभळीवर त्यांचं पावडरीचं धोतर वेगळं टांगलेलं असे. तोंडाला फडकं बांधून ते काम करत आणि साबण लावून, ओल्या केसांनीच घरी येत. पावडरीचा रिकामा डबा शेजारणीनं पिठासाठी मागितला, तर त्यांनी तो कुऱ्हाडीनं ठेचून बांधावर खोल पुरला आणि तिला घरातला चांगला डबा काढून दिला. लेकीचा गाल पंधरा दिवसांत नितळ झाला. त्यांचे हात बरे व्हायला मात्र दिवाळी उजाडली.

एकदा त्यांचे धाकटे भाऊ शेतातून तसेच पांढरे येऊन चहाला बसले. सासरे कप त्यांच्या हाती जाऊ देईनात. मग दाराकडे वळून, लेकीचं नाव मध्ये न घेता, पहिल्यांदाच थेट मला म्हणाले, "बेटा, साबन आन. याले बी शिकाडनं पडी."