होळीतून सुटलेला शिरीष

घाटकोपरच्या टेकडीवरच्या आमच्या चाळीत सगळी कोकणातली माणसं. होळीला आम्हांला नुसत्या काटक्याकुटक्या चालत नाहीत, मध्ये अख्खं झाड उभं करावं लागतं. ते आणायचा मान माझ्या बाबांचा. त्र्याऐंशी सालच्या होळीला मात्र बाबांची गिरणी बंद होती आणि ते वर्षभर घरी बसलेले. चिडचिडे, अबोल. त्यात त्यांची नजर पडली आमच्या दारातल्या शिरीषावर. माघापासून त्यावर एक पान नव्हतं. वाळक्या शेंगा तेवढ्या वाऱ्यावर खडखडत होत्या.

"ह्यां झाड मेलां. औंदा हीच आपली होळी," बाबांनी पोरांना सांगून टाकलं.

मला रडूच फुटलं. आमच्या डोक्यावर पत्रे. त्या झाडाची सावली गेली की उन्हाळ्यात घराचा तवा होणार. आई काहीच बोलली नाही. ती गप्प बसली की समजावं, काहीतरी शिजतंय.

होळीच्या सकाळी बाबा कुऱ्हाड घेऊन बाहेर आले, तर खोडाला हळद-कुंकू, भोवती सूत, बुंध्याशी उदबत्ती. आई डोक्यावर पदर घेऊन हात जोडून उभी.

"वाट लागली, काका! आता कोण हात लावणार?" चाळीतला एक पोरगा म्हणाला.

कुंकू लावलेल्या झाडावर घाव घालायची छाती कुणाची नव्हती, बाबांची तर नाहीच. शेवटी मोडकी खोकी आणि एक लंगडं बाकडं यांच्यावर होळी भागली. बाबा फुगून बसले. शेजारणी मात्र झाडाला नारळ वाहू लागल्या आणि आमची खोबऱ्याची चंगळ झाली.

पाडव्याच्या थोडं आधी, दात घासता घासता मी वर पाहिलं. फांद्याफांद्यांच्या टोकांना कोवळी पोपटी पालवी! मी अशी किंचाळले की सगळी चाळ बाहेर आली. बाबाही आले आणि मान वर करून बघतच राहिले. मी नाचत आत धावले.

"आई, तुला ठाऊक होतं ना, झाड जिवंत आहे?"

"माका काय ठावक!" आई भाकरी थापत म्हणाली. "माकाय मेलां असांच वाटलां. पण म्हणान कोण तोडता गो? तुझो बापूस वरीसभर घरात बसलो हा, तेका होळयेत घातलंय काय मी?"

झाडाखाली उभ्या असलेल्या बाबांना ते ऐकू गेलं. आता ते भडकणार म्हणून मी दाराआड सरकले. पण बाबा हसत सुटले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. गिरणी बंद पडल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.