सूप चाखण्याचा तास

पदनाम : हंगामी निर्देशक, बालपाककौशल्य व आरोग्यदायी आहार. वय : एकसष्ट. अनुभव : रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षे, रोज चारशे ताटे, तक्रार एकही नाही. विशेष प्रावीण्य : बिनमिठाचे व बिनतेलाचे जेवण. नियुक्ती : एक महिना. मुलांनी भाज्या खाल्ल्याची मुख्याध्यापिकांनी समक्ष खातरजमा केल्यास मुदतवाढ.

मुलं त्यांना आचारीकाका म्हणत. मुदतवाढीचा घोर काकांपेक्षा काकूंनाच जास्त लागला होता. निवृत्तीनंतर पाच महिने काका घरच्या ओट्याला टेकून "मीठ जरा बेतानं" एवढंच बोलत होते.

"अहो, काय वाटेल ते करा, पण त्या शाळेत टिका," काकूंनी बजावलं होतं. "माझ्या ओट्याची मुदत मी वाढवणार नाही."

आणि शाळेत तर तीन आठवडे झाले तरी सूपच्या वीस वाट्या जशाच्या तशा परत येत होत्या.

"आजारी माणसं मुकाट्यानं खायची रे हे," काका हताश होऊन म्हणाले.

"त्यांना पळता येत नव्हतं," दोन वेण्यांची एक मुलगी म्हणाली. वर्ग तिला वकीलबाई म्हणत असे, आणि ते उगाच नव्हे. "काका, तुम्ही चाखलंत का?"

रुग्णालयात आचाऱ्याला चाखायला मनाई होती. सगळं आहारतज्ज्ञ बाईंच्या तराजूवर ठरायचं. भरली ताटं ढकलगाडीवरून वर जायची, रिकामी होऊन खाली यायची. ती रिकामी कोण करतं आणि कुठे, हे विचारायचं त्यांना एकतीस वर्षांत सुचलं नव्हतं.

त्यांनी एक चमचा तोंडात घातला. मग चमचा हळूच ओट्यावर ठेवला.

"अरे देवा," ते म्हणाले. "चारशे माणसं. रोज."

महिन्यातल्या शेवटच्या तासाला त्यांनी नवा नियम काढला : भांड्यात काहीही पडलं की प्रत्येकानं चाखायचं आणि मत द्यायचं. वीस मुलं, वीस चमचे. गाजर शिजलं, चाखलं. "बरंय, पण एकटं पडलंय." कांदा परतून घातला, चाखलं. कोबी, चाखलं. ज्याला कोबी नुसता पाहून उमासे यायचे त्यानं दोनदा चाखून दोनदा मत दिलं, पहिलं नीट ऐकू गेलं नसेल म्हणून. पालक, मीठ, मिरपूड, शेवटी लिंबू.

"आता कुठे माणसात आलं," वकीलबाईंनी निकाल दिला.

मुख्याध्यापिका वही घेऊन दारात उभ्या राहिल्या तेव्हा भांड्याचा तळ लख्ख दिसत होता.

"सूप कुठे आहे?"

"होतं," काका म्हणाले.

"होतं म्हणजे? मुलांनी खाल्लेलं मला समक्ष दिसायला नको?"

"दाखवतो की," वकीलबाई म्हणाली आणि तिनं ओठ मागे ओढले. पाठोपाठ एकोणीस तोंडं उघडली. दातादातांत पालक. मुख्याध्यापिकांनी चष्मा चढवला आणि रांगेनं वीसही जबडे तपासले. एका जबड्यात कोबीही सापडला.

मग त्यांनी वही उघडून उभ्याउभ्याच शेरा लिहिला : "भाज्या खाल्ल्याची समक्ष खातरजमा केली. पदार्थाचा दर्जा : उत्तम. चव : उत्तम. मुदतवाढ : एक वर्ष."

त्यांच्या वाट्याला चमचाभरही सूप आलं नव्हतं.