हळू बाई, हळू मशीन

ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका पंपांच्या कारखान्यात मी टायपिस्ट होते. लग्नाआधीपासून तिथेच. टाइपरायटरवर माझा हात असा चालायचा की साहेब मजकूर सांगून चहा संपवेपर्यंत पत्र सहीला तयार असे. हे मी सांगतेय ते बढाई म्हणून नाही. पुढे जे झालं ते कळायला एवढं माहीत असायला हवं.

नव्वदीच्या मध्यावर ऑफिसात कॉम्प्युटर आला. टाइपरायटर भंगाराच्या टेम्पोत चढवला, तेव्हा मला जराही वाईट वाटलं नाही. चूक झाली तर अख्खा कागद पुन्हा टाइप करायला लागणार नव्हता, याचाच आनंद मोठा होता. मशीन माझ्या टेबलावर ठेवलं होतं, पण ते माझं एकटीचं नव्हतं. परचेसमधले एक गृहस्थ जेवणाच्या सुट्टीत त्यावर पत्त्यांचा खेळ खेळायचे. साहेबांना ज्योतिषाचं वेड. त्यांच्या मेहुण्याने फ्लॉप्यांवरून एक पत्रिकेचा प्रोग्राम आणून त्यात भरला. सकाळी मशीन चालू केलं की आधी गणपती दिसायचा, मग साहेबांची कुंडली, मग त्यांचं त्या दिवसाचं भविष्य. कोपऱ्यात राहुकाळ दाखवणारं घड्याळ दिवसभर चालू. साहेब येता-जाता माझ्या खुर्चीमागे उभे राहून ते बघायचे.

सुरुवातीला सगळं नीट होतं. मग मशीन जड चालायला लागलं. मी अख्खं वाक्य टाइप करून बसायचे आणि पडद्यावर अक्षरं मागाहून एकेक करून यायची. चूक दिसली म्हणून खोडायला जावं, तर ते खोडणंही उशिरा पोचायचं आणि मागचे चांगले शब्द खाऊन टाकायचं. मशीनच्या डब्यावरचा लाल दिवा सारखा लुकलुकत असायचा आणि आतून कुरकुर ऐकू यायची. तातडीची कोटेशनं अडकायला लागली.

एकदा साहेब मागे उभे होते. थोडा वेळ बघून म्हणाले, "बाई, तुमचा हात जड झालाय. वयाबरोबर होतं असं."

मी तेव्हा चाळिशीलाही आले नव्हते. ते मशीनकडे बघून बोलले असते तर मी काही उत्तर दिलं असतं. ते माझ्या बोटांकडे बघत होते.

बाईंना कॉम्प्युटर जमत नाही, हे मग ऑफिसभर झालं. प्यूनसुद्धा कागद ठेवताना घाई आहे बरं का, असं सांगून जायचा. मशीन दुरुस्त करायला माणूस आला, त्याने तपासून सांगितलं की मेमरी भरतेय, वाढवून घ्या. साहेबांनी त्याला केबिनमध्येच वाटेला लावलं. नव्या मशीनला काय होतंय, माणूस बदलायला हवा, असं ते म्हणाले. दार उघडं होतं.

डोंबिवलीला आमच्या घराजवळ कॉम्प्युटरचा क्लास होता. रविवारी मी तिथे जायला लागले. शिकवणाऱ्या मॅडम माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, पण मला काकी न म्हणता नावाने हाक मारायच्या, ते मला आवडायचं. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मेमरी किती मोकळी आहे हे बघायला शिकवलं. मशीनला एका वेळी जेवढं हाताशी धरता येतं तेवढीच ही जागा. ती भरली की ते एक वस्तू आत ठेवून दुसरी काढत बसतं, तो लाल दिवा म्हणजे हीच काढ-घाल, असं त्या म्हणाल्या. शिवाय मशीन सुरू होताना काय काय आपोआप उघडतं, ते कुठे बघायचं तेही दाखवलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी तेवढंच केलं. मी स्वतः काहीही उघडलेलं नसताना मेमरी जवळजवळ भरलेली होती. एकेक गोष्ट बंद करत गेले. परचेसवाल्यांनी उघडाच सोडलेला पत्त्यांचा खेळ बंद केला, थोडा फरक पडला. पडद्यामागचं धबधब्याचं रंगीत चित्र काढलं, थोडा पडला. पत्रिका बंद केली आणि एकदम मोकळी जागा झाली. मी ती पुसली नाही. आपोआप उघडायच्या गोष्टींतून फक्त बाजूला काढली. बघायची असेल त्याने तिच्या चित्रावर दोनदा दाबलं की उघडेल, अशी.

त्या दुपारी मी एक लांबलचक टेंडर टाइप केलं. अक्षरं माझ्या बोटांबरोबर येत होती. संध्याकाळी डोंबिवलीला उतरल्यावर मी उगाचच गजरा घेतला.

सकाळी साहेब आले, मागे उभे राहिले. कुंडली कुठाय म्हणून विचारलं. मी सगळं नीट समजावून सांगितलं, मशीन आता कसं चालतंय ते करून दाखवलं.

"म्हणजे माझ्या पत्रिकेमुळे तुमचं काम होत नाही, असं म्हणायचंय तुम्हाला?"

परचेसवाले हसले. साहेबांनी त्यांनाच बोलावून माझ्यादेखत पत्रिका होती तिथे परत बसवायला लावली. मी खुर्ची सोडून बाजूला उभी राहिले.

नंतर नवीन मशीन आलं, त्याच्याबरोबर कल्याणची एक मुलगी आली. मला डिस्पॅचला बसवलं, पाकिटं चिकटवायला आणि तिकिटं लावायला. मुलगी चांगली होती. पत्रांचे मायने तिने माझ्याकडूनच शिकून घेतले. डबाही आम्ही एकत्र खायचो. काही महिन्यांनी मेहुण्याने तिच्या मशीनवरही पत्रिका भरली, ही तर आणखी रंगीत, घंटा वाजवणारी. मशीन अडकायला लागलं. तिने डबा खाताना मला विचारलं आणि मी सांगितलं. मी जे केलं होतं तेच तिने केलं.

साहेब आले तेव्हा मी डिस्पॅचच्या टेबलावर होते. सर, मशीन फार अडकत होतं, आता छान चालतंय, असं तिने सांगितलं. पत्रिका कशी उघडायची तेही दाखवलं. साहेब खूश झाले. तिथूनच मला म्हणाले, "बघा बाई, याला म्हणतात डोकं. शिका जरा हिच्याकडून."

ती माझ्याकडे बघून मान खाली घालून बसली. साहेब गेल्यावर माझ्याजवळ आली आणि म्हणाली की मी त्यांना सांगते तुम्हीच दाखवलंत म्हणून. मी नको म्हटलं. तिने मला न विचारता सांगावं, असं मला वाटत होतं. तिने सांगितलं नाही. तिच्या वडिलांची कंपनी बंद पडलेली, घर तिच्यावर होतं. मला ते माहीत होतं. तरी पुढे किती तरी दिवस मी डबा माझ्या टेबलावरच खाल्ला. नंतर पुन्हा एकत्र बसायला लागलो, पण बोलणं भाज्यांपलीकडे गेलं नाही.

साहेब तसं बोलले त्याच संध्याकाळी घरी मेथी निवडताना मी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने पेपर खाली न करता ऐकलं. म्हणाला, "सोड गं. पगार तर येतोय ना?"

पगार येत होता. मी मेथी निवडून संपवली.