घरचं डिझेल

आमच्या आळेफाट्याच्या गॅरेजमागं ठिबकच्या फाटक्या नळ्यांचा ढीग साठायचा आणि गॅरेजात आबांच्या किश्शांचा. आबा म्हणजे माझे सासरे. त्या प्लॅस्टिकच्या नळ्या बंद पिंपात तापवून ते डिझेलसारखं तेल काढायचे. आता किस्से तेवढे उरलेत.

*

पहिला माझ्याच लग्नातला. पंगत उठली आणि नवरदेवाचे वडील पोतं घेऊन प्लॅस्टिकचे ग्लास गोळा करायला लागले! माझे वडील कानकोंडे. "पावणं, राहू द्या, माणसं बघत्यात."

"बघू द्या! यात जीप नारायणगावला जाईल एवढं डिझेल हाय!"

त्यांची एकच इच्छा. घरच्या तेलावर, मधे न थांबता, एकदा नारायणगाव गाठायचं.

*

आखातात लढाई पेटली की समोरच्या हॉटेलात आबांना ऊत यायचा. "तेलाची जहाजं बंद झाली तर देश जागेवर उभा राहील, राव!"

"आन् तुमी?" एका ट्रकवाल्यानं चिडवलं.

"मी धक्का मारीन!"

*

पिंपाखालच्या भट्टीला पंखा, पंख्याला डिझेलचं इंजिन. ते डिझेल पंपावरून मी आणायची. कॅनभर ओतलं की तांब्याभर निघायचं. मी नवी, गप्प राहिले. सासूबाई राहिल्या नाहीत. "अवो, त्यापरीस पंपाचंच जीपमधी घाला की!"

"पोराला भरवलंस, ते परत मागितलंस का?"

"पोरगं मोठं तरी झालं!"

*

एकदा आबा घरचं तेल भरून नारायणगावला निघालेच. पिंपळवंडीच्या अलीकडं जीप काळा धूर ओकून थांबली. मागचा एसटी ड्रायव्हर ओरडला, "आबा, भट्टी संगं आणली व्हय?"

सगळे हसले. आबाही हसले, मग खोकले. तो खोकला काही थांबला नाही. भट्टीच्या धुरानं छाती कधीच धरली होती.

*

दम वाढला तेव्हा नारायणगावच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. "घरचंच घाल," आबा मुलाला म्हणाले. यांनी माझ्याकडं पाहिलं. मी घरच्या तेलाचा निळा कॅन रिकामा केला आणि गुपचूप पंपावरून भरून आणला.

जीप धूर न काढता सुटली. चाळीस वर्षं आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखणारा माणूस माझ्या खांद्यावर डोळे मिटून ऐकत होता. पिंपळवंडी मागं पडली.

"थांबली न्हाई," आबा म्हणाले.

"घरचंच आहे ना, आबा," हे म्हणाले.

दवाखान्याच्या दारात स्ट्रेचरवाल्याला त्यांनी ऐकवलं, "घरच्या डिझेलवर आलोय, बरं का!"

मग मला खुणेनं जवळ बोलावलं.

"सूनबाई, निळा कॅन धुऊन ठेव. पंपाचा वास राहतो."