इम्पोर्टेड गाडीचा डावा दिवा

ती घटना आठवली की आजही माझा मलाच राग येतो.

सकाळीच ठाण्यात फोन आला. तळेऱ्याच्या तिठ्यावरचा एक गॅरेजवाला इम्पोर्टेड गाड्यांचे अस्सल पार्ट काढून देशी बसवतो, अशी खबर. देणारा शेजारचाच गॅरेजवाला. धंद्यातल्या शेजाऱ्याची खबर दोनदा तपासावी, हे मी नव्या शिपायांना शिकवायचो, स्वतः विसरलो.

पाठोपाठ तक्रारदार हजर. बोटीवर नोकरी करणारे, सुट्टीवर आलेले देवगडकडचे गृहस्थ. माडाची झावळ पडून निखळलेला त्यांच्या नव्या इम्पोर्टेड गाडीचा उजवा दिवा खबरीतल्या त्याच गॅरेजवाल्याने बसवून दिला होता आणि त्यावर लिहिलं होतं, ‘मेड इन इंडिया’! आमच्याकडे बोटीवरून आलेला साबणसुद्धा पाहुण्यांसाठी जपून ठेवतात. मीही त्यातलाच. म्हटलं, चोर सापडला.

भर बाजारातून गॅरेजवाल्याला पोलीस गाडीत घालून आणलं. दरडावलं, "अस्सल दिवा कोणाला विकलास?"

"साहेब, माझो हात फक्त उजव्या दिव्याक लागलो. डावो उघडून बघा."

"मला शहाणपणा शिकवू नकोस," म्हणत त्याला बाकावर बसवलं. त्याला फोनवर फोन येत होते. गिऱ्हाइकं गॅरेजमधून आपापल्या गाड्या परत नेत होती. वर्षानुवर्षं कमावलेलं नाव अर्ध्या दिवसात चाललं होतं.

दुपारी पंचनाम्याच्या वेळी कुठे डावा दिवा खोलला. त्यावरही तेच शब्द. गाडीच्या दाराजवळच्या पाटीवर तर अख्खी गाडीच भारतात बनल्याची नोंद! आरटीओतल्या निरीक्षकांना फोन लावला. ते हसलेच. "अहो, नाव परदेशी असलं तरी अशा गाड्या बहुतेक इथेच जोडतात. देशातल्या नव्या गाड्यांत खरोखर आयात झालेल्या फार थोड्या."

तक्रारदारांचा चेहरा उतरला. "माझी चूक झाली रे," ते गॅरेजवाल्याला म्हणाले.

"माफी हयसर नको. जंयसून माका उचललात, थंय चला."

त्याला पुढच्या सीटवर बसवून तिठ्यावर नेलं. रिक्षावाले, चहावाले जमले. मी गणवेशातच म्हणालो, "याने काही केलेलं नाही. चूक माझी." मागोमाग आलेल्या तक्रारदारांनी खोललेला दिवा परत बसवायला सगळ्यांदेखत गाडीची किल्ली त्याच्याच हातात दिली. संध्याकाळपर्यंत दोन रिक्षावाले आपल्या रिक्षा घेऊन परत आले.

पुढे निवृत्तीपर्यंत एक नियम पाळला. ज्याला चारचौघांत आणलं आणि जो निर्दोष निघाला, त्याला ठाण्यातून नुसतं सोडून दिलं नाही. पोचवायला मी स्वतः गेलो.