खालच्या डिव्हिजनचा हेवा

रविवारी सकाळी भाजी घेऊन परतताना मी मैदानाच्या कुंपणाशी थांबलो. इंग्लंडमधल्या या लहानशा गावात माझा शेजारी केविन बायकांच्या फुटबॉल संघाला शिकवतो. बचावातल्या एकीला त्यानं खांद्याला धरून पाऊलभर डावीकडे सरकवलं, आणि समोरच्यांचा पुढचाच पास तिच्या पायात आला. ती हसली. केविन तिच्याहून जास्त हसला.

केविन पंधरा वर्षं खालच्या डिव्हिजनमध्ये, मोजक्या प्रेक्षकांसमोर खेळला. वरच्या संघांनी त्याला कधी बोलावलं नाही. गावाबाहेर त्याला कुणी ओळखतही नाही. तरी मला त्याचा हेवा वाटतो. पन्नाशी उलटल्यावरही या माणसाची सकाळ गवतावरच उजाडते, आणि माझी गेली कित्येक वर्षं कॉम्प्युटरसमोर.

सराव संपल्यावर तो कुंपणाशी आला. मी जरा खवचटपणेच विचारलं, "वर जाता आलं नाही, याचं वाईट नाही वाटलं?"

"वाटायचं," तो म्हणाला. "पण शनिवारी मॅच असायची."

मग मला राहवेना. "मीही खेळायचो. कोल्हापुरात, आमच्या तालमीच्या फुटबॉल संघातून."

"मग सोडलंस का?"

नोकरी लागली म्हणून सोडलं, खरं तर एवढंच होतं. मी म्हणालो, "गुडघा गेला."

"कुठला?" त्यानं काळजीनं विचारलं.

उत्तर द्यायला मला क्षणभर विचार करावा लागला.